‘पॅल’ पालातला नव्हे

नांदेडकडच्या एका तरुण इंग्रजी शिक्षकांनी मला एक प्रश्न पाठवलाय. वर्गात ‘कॉम्रेड’ शब्द आला तेव्हा त्यांनी मुलांना त्याचं मूळ सांगितलं. लॅटिनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे खोली, एका खोलीत राहणारे ते कॉम्रेड. ‘चम’चंही तसंच, तोही खोलीतल्या सोबत्याचा शब्द. त्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, मग पॅल म्हणजे एका पालात राहणारे का?” वर्ग हसला. सरांनी मात्र घरी जाऊन शब्दकोश उघडला. तिथं लिहिलेलं होतं की ‘पॅल’ हा रोमानी भाषेतून आलेला शब्द आहे. रोमा म्हणजे भारतातून युरोपात गेलेले भटके लोक, आणि भटक्यांचं बिऱ्हाड तर पालातच! सरांना वाटलं, पोरगं बरोबर बोललं की काय. त्यात शाळेतल्या संस्कृतच्या बाई म्हणाल्या, हा ‘गोपाल’, ‘भूपाल’मधला पाल असणार, सांभाळणारा तो मित्र. आता सर विचारतात, यातलं खरं काय? आणि मराठीत ‘पॅल’ला म्हणायचं तरी काय, मित्र, दोस्त की यार?

त्या मुलाला आधी माझ्याकडून शाबासकी द्या. उत्तर चुकलं असलं तरी शब्दाकडे असं बघता येणं ही साधी गोष्ट नाही. आता उत्तर: ‘पॅल’चा ना पालाशी संबंध, ना गोपाळाशी. पण तो भारतातूनच गेलाय हे मात्र खरं. तो संस्कृत ‘भ्रातृ’चा, म्हणजे आपल्या ‘भाऊ’चा सख्खा भाऊ आहे.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी धंद्यात शिकले. पंचवीसेक वर्षं मी भाषांतरं करते, त्यातली बरीच सबटायटलची. सुरुवातीच्या काळात एका छोट्या स्टुडिओसाठी एका इंग्रजी चित्रपटाचं काम करत होते. रात्रीची वेळ, बारचा मालक खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवतोय, एक अनोळखी दारुडा आत घुसतो. मालक त्याला म्हणतो, लुक पॅल, वी आर क्लोज्ड. मी लिहिलं, ‘हे बघ मित्रा, दुकान बंद झालंय.’ तपासायला डबिंगमधले एक जुने कलाकार बसले होते. त्यांनी ओळ वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “ताई, हा त्याला हाकलतोय की घरी जेवायला बोलावतोय?” मग त्यांनीच पेन घेऊन दुरुस्ती केली, ‘ओ भाऊ, बंद झालंय.’ प्रसंग जागच्या जागी बसला. शब्दाचं मूळ मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि त्यांना तर ते कळायचं कारणच नव्हतं. त्यांनी नुसत्या कानावर जाऊन हजार वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊ शेजारी आणून बसवले होते.

आता पुरावा. व्युत्पत्तीत दोन शब्द सारखे दिसतात याला फारशी किंमत नाही. आपल्या घरातच बघा. भिंतीवरची पाल, भटक्यांचं पाल आणि गोपाळातला पाल यांच्यात तुम्ही काय नातं लावणार? म्हणून मी नेहमी आधी हे बघते, की ज्या भाषेतून शब्द आला असं म्हणतात त्या भाषेत तो आज कसा आहे आणि त्याचा अर्थ काय. रोमानीच्या बोली वेल्सपासून बल्गेरियापर्यंत पसरल्या आहेत. त्यांत हा शब्द ‘फ्राल’, कुठं ‘प्राल’ असा मिळतो. यातला ‘फ’ फळातला, फॅनमधला नव्हे. ओठ मिटून, हवा सोडून म्हणायचा. आणि अर्थ सगळीकडे एकच, भाऊ. इंग्लंडातल्या रोमा लोकांच्या बोलण्यात मधला ‘र’ गळून त्याचा ‘पाल’ झाला आणि इंग्रजांच्या तोंडी तो ‘पॅल’. ‘र’ आणि ‘ल’ एकाच शब्दात जवळ आले की जीभ त्यातल्या एकाला टाळू बघते, हे जगभर चालतं. पालाचा सिद्धान्त इथंच अडतो. मूळ शब्द ‘पाल’ असता तर युरोपभरच्या बोलींत हा ‘र’ आला कुठून? गळालेला ‘र’ समजू शकतो, पण कुणी न घालता उगवलेला कसा समजणार?

आणखी एक गोष्ट त्या मुलाला जरूर सांगा, त्याला आवडेल. इंग्लंडातल्या रोमा लोकांचा तंबूसाठीचा शब्द वेगळाच आहे, ‘तान’. इतर बोलींत तो ‘थान’, अर्थ जागा. हा थेट संस्कृत ‘स्थान’वरून आलेला, म्हणजे आपल्या ‘ठाण्या’चा भाऊबंद. आमच्या मुंबईशेजारचं ठाणं, पोलीस ठाणं आणि इंग्लंडातल्या एखाद्या माळरानावर ठोकलेला रोमा कुटुंबाचा तंबू, तिन्ही एकाच ‘स्थान’ची लेकरं. पाल शोधायला निघालेल्या पोराला ठाणं सापडलं म्हणा.

‘भ्राता’चा ‘फ्राल’ कसा झाला, यावर आता थोडं थांबू. वर्गात हे फळ्यावर लिहून दाखवा, मुलं वेडी होतात. भारतीय भाषांतले भ, घ, ध रोमानीत फ, ख, थ झाले. हे एखाददुसऱ्या शब्दात घडलं असतं तर योगायोग म्हणता आला असता. पण ‘भगिनी’ची ‘फेन’ झाली, ‘भूमी’ची ‘फुव’, ‘घर’चं ‘खेर’, ‘धूम’ म्हणजे धूर त्याचा ‘थुव’. माझा आवडता शब्द ‘घर्म’. मूळ अर्थ ऊन, उष्णता. मराठीत त्याचा झाला ‘घाम’, रोमानीत झाला ‘खाम’, आणि रोमानीत ‘खाम’ म्हणजे सूर्य! आपण ज्याला पुसतो त्याच्याकडे ते बघतात.

मग ‘र’. मराठीनं जोडाक्षरातले बरेच ‘र’ टाकून दिले. त्रीणि होतं त्याचं आपण तीन केलं. रोमानीत अजून ‘त्रिन’ आहे. म्हणूनच ‘भ्राता’तला ‘र’ तिकडे टिकला, इकडे गेला. शेवटचा बदल सगळ्यात मजेशीर. दोन स्वरांच्या मधला ‘त’ रोमानीत ‘ल’ झाला. ‘भ्राता’तल्या ‘त’चा ‘ल’, म्हणून ‘फ्राल’. ‘गत’चं ‘गेलो’, ‘मृत’चं ‘मुलो’.

वाचताना कान टवकारले ना? माझेही टवकारले होते. रोमानीत ‘गेलो’ म्हणजे तो गेला, ‘मुलो’ म्हणजे मेलेला. रोमा लोकांनी १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेत जे राष्ट्रगीत स्वीकारलं त्याचे पहिले शब्द ‘गेलेम, गेलेम’ आहेत, म्हणजे ‘गेलो, गेलो’. मराठी माणसाला हे ऐकून वाटणारच, अरे, ही तर आपलीच माणसं! इथंच सावध राहायचं. मराठी ‘गेला’तला ‘ल’ वेगळ्या वाटेनं आलाय. आपल्याकडे ‘गत’मधला ‘त’ प्राकृतात पार झिजून गेला आणि उरलेल्या शब्दाला ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला. ‘गइल्ल’चं ‘गेला’ झालं. रोमानीत ‘त’नंच ‘ल’चं रूप घेतलं. दोन बायकांच्या साड्या एकाच रंगाच्या निघाव्यात, पण एक पैठणची आणि एक इचलकरंजीची, तशातली गत. यावरून रोमा महाराष्ट्रातून गेले असं कुणी सांगत असेल तर हात जोडा आणि पुढं व्हा.

मराठीचा इतिहास ज्यांनी पहिल्यांदा शास्त्रीय शिस्तीनं मांडला त्या झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडितांनी रोमा लोकांवरही एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. पण रोमानी भारताच्या कुठल्या भागातली, या प्रश्नाचं ज्यांचं उत्तर आजही धरून चालतात ते इंग्रज भाषापंडित राल्फ टर्नर. त्यांनी १९२६ साली या ध्वनिबदलांचीच छाननी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रोमानीतले सगळ्यात जुने बदल मध्य भारतातल्या, हिंदीच्या पूर्वजांच्या पट्ट्यातल्या भाषांशी जुळतात. नंतर हे लोक वायव्येकडे सरकले, तिथं बराच काळ राहिले आणि तिथून देशाबाहेर पडले. ‘त्रिन’ आणि ‘फ्राल’मधला ‘र’ टिकला तो या वायव्येच्या मुक्कामामुळे असं मानलं जातं, कारण त्या भागातल्या भाषांनी असे ‘र’ आजही जपलेत.

याच ओघात बंजाऱ्यांचाही विषय काढते, कारण आपल्याकडे हा दावा फार फिरतो. रोमा म्हणजेच बंजारा, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तांडा, घागरा, नाचगाणी, सगळं जुळवून दाखवतात. भावना मी समजू शकते. पण बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानीच्या घरातली आहे आणि वर सांगितलेले फ, ख, थ तिच्यात नाहीत. बंजारा बाई भावाला ‘फ्राल’ म्हणत नाही. ‘रोम’ हा शब्द ‘डोंब’वरून आलाय, हे मात्र बहुतेक अभ्यासक मानतात. आता डोंब शब्द आपल्यालाही माहीत आहे. म्हणून आपल्याकडची कुठलीशी जमात उचलून ती रोमांच्या शेजारी ठेवून द्यायची नाही. नाव एक म्हणजे रक्त एक असं नसतं.

रोमा कुठून कुठं गेले हे त्यांच्या आकड्यांत वाचता येतं. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत आपली मुलंही न अडखळता म्हणतील. मग एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या. हे ग्रीक. आणि दहाला पुन्हा ‘देश’. म्हणजे मोजता मोजता मधेच ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन साम्राज्यात मुक्काम पडला आणि सात, आठ, नऊ तिथल्या बाजारात बदलून घेतले. रस्त्याला ते ‘द्रोम’ म्हणतात, तेही ग्रीक. पाण्याला मात्र ‘पानी’, कानाला ‘कान’, मिठाला ‘लोन’, माणसाला ‘मनुश’. ‘नाख’ म्हणजे नाक. ‘बाक्रो’ म्हणजे मेंढा, बकरा नव्हे. वाटेत कुठंतरी जनावर बदललं, नाव तेच राहिलं.

युरोपात मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. लोकांना वाटलं हे इजिप्तमधून आले. ‘इजिप्शियन’चंच झिजून ‘जिप्सी’ झालं. (बऱ्याच रोमा लोकांना हा शब्द अपमानाचा वाटतो. इंग्लंडात काही जण स्वतःसाठी तो वापरतातही. वर्गात शिकवताना ‘रोमा’ म्हणा, सगळ्यात बरं.) सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या कागदपत्रांत दिसू लागतात. १५३० साली आठव्या हेन्रीच्या राज्यात कायदा झाला की या ‘इजिप्शियनां’नी देश सोडून जावं. १५५४ साली, मेरी राणीच्या काळात, तो कडक झाला. देश न सोडता आपल्या पद्धतीनं राहिले तर मृत्युदंड. १५६२ साली त्यांच्यात जाऊन मिसळणाऱ्यांनाही हाच कायदा लागू केला.

आता विचार करा. ज्या लोकांनी देशात असणंच गुन्हा, त्यांच्या घरातला ‘भाऊ’ इंग्रजांच्या तोंडात येतो कसा? जत्रेत, घोड्यांच्या बाजारात, दारूच्या गुत्त्यात आणि तुरुंगात. हेरेफर्ड हे वेल्सच्या सीमेवरचं गाव. तिथल्या धर्मप्रांताच्या दप्तरात १६८१-८२ची एक नोंद आहे, लेखी इंग्रजीतला हा शब्द सगळ्यात जुना सापडतो तो तिथं. कुणीतरी कुणालातरी विचारतंय की दिवसभर होतास कुठं, ‘पॉल’. हो, स्पेलिंग तेव्हा दोन ‘एल’चं होतं. मला ही नोंद फार आवडते. राजाच्या जाहीरनाम्यात नाही, कवितेत नाही, शब्द पहिल्यांदा सापडतो तो कुणीतरी कुणाला ‘होतास कुठं रे दिवसभर?’ म्हणताना. त्यानंतर बराच काळ तो चोर-भामट्यांच्या सांकेतिक बोलीत राहिला. तिथं त्याचा अर्थ होता साथीदार, गुन्ह्यातला भागीदार. आपल्याकडे पोलीस ‘त्याच्या साथीदारासह अटक’ असं म्हणतात ना, तो साथीदार. पुढं पांढरपेशा घरांत शिरून अमेरिकेपर्यंत जाता जाता त्याचा निरागस ‘दोस्त’ झाला. मग पेन पॅल आले. इंटरनेटवर पैसे पाठवायची कंपनी निघाली तिनंही नावात हाच दोस्त घातला, पेपॅल.

योगायोग कसा असतो बघा. जर्मनीत हाले शहरातल्या रूडिगर नावाच्या विद्वानानं एका रोमा बाईकडून वाक्यं उतरवून घेतली, ती हिंदुस्थानी भाषेशी ताडून पाहिली आणि १७८२ साली छापून टाकलं की हे लोक भारतातून आलेत. आणि पुढच्याच वर्षी, १७८३ला, इंग्लंडात मृत्युदंडाचा तो जुना कायदा रद्द झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ‘इजिप्शियन’ हा गैरसमज विद्वानांच्या वहीतून आणि कायद्याच्या पुस्तकातून असा पाठोपाठ निघाला खरा.

‘पॅल’बरोबर रोमानीतला आणखी एक शब्द इंग्रजीत गेला, त्याचं नशीब मात्र फिरलं. ‘चॅव’. आजच्या ब्रिटिश इंग्रजीत ही शिवी आहे. भपकेदार, अडाणी, गरीब वस्तीतला उनाड पोरगा, असा सगळा तिरस्कार त्यात भरलेला. त्याचं मूळ बहुधा रोमानी ‘छावो’, म्हणजे मुलगा. आणि ‘छावो’ आला ‘शाव’वरून, म्हणजे जनावराचं पिल्लू. मराठीत त्याच ‘शाव’चा काय झाला? छावा! सिंहाचा छावा. आपण ज्या शब्दानं संभाजी महाराजांची आठवण काढतो तोच शब्द तिकडे फुटपाथवरच्या पोराला हिणवायला वापरतात. तुमच्या नववीच्या वर्गाला हे सांगाल तेव्हा पाच मिनिटं गोंधळ होणार, आधीच सांगून ठेवते.

सोबत्यांच्या इतर इंग्रजी शब्दांवर एक धावती नजर टाकते, कारण तुमच्या प्रश्नाची सुरुवात तिथून झाली. कॉम्रेड आणि चम खोलीतले, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. ‘चम’ ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा, सतराव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे ‘पॅल’ वेल्सच्या सीमेवर कागदावर चढला साधारण त्याच वेळी हा कॉलेजच्या खोलीत जन्मत होता. ‘कम्पॅनियन’ जेवणातला. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकरी, ती वाटून खाणारा. याच ‘पानिस’चा पोर्तुगीजांच्या तोंडी ‘पाँव’ झाला आणि गोव्यातून आपल्या ताटात पाव आला. म्हणजे वडापाव अर्धा तोडून मित्राला देताना तुम्ही शब्दशः कम्पॅनियन असता. ‘मेट’ही जेवणातलाच, जर्मन किनाऱ्यावरच्या खलाशांकडून आलेला, एका ताटातला. हा मेट आपल्या रोजगार हमीच्या कामावर अजून हजर आहे, मजुरांची हजेरी लावतो. मात्र कुणाच्या ताटात जेवायला बसत नाही. ‘फेलो’ व्यवहारातला. जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या भाषेत ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, धन. ते एकत्र मांडणारा तो फेलो, थोडक्यात भागीदार. हा ‘फे’ आणि आपला ‘पशू’ एकाच मुळाचे. आणि ‘फ्रेंड’? तो प्रेम करणारा, ‘प्रिय’चा नातलग.

म्हणजे इंग्रजांनी सोबती कुठं कुठं शोधले बघा. खोलीत, ताटात, धंद्यात, प्रेमात. नात्यातला सोबती मात्र बाहेरून आणावा लागला. तसा त्यांच्या घरात ‘ब्रदर’ होताच. लॅटिन ‘फ्रातेर’वरून मठातला ‘फ्रायर’ आला. फारसीतला ‘बिरादर’ आपल्याकडे ‘बिरादरी’ होऊन राहिलाय. हे सगळे ‘भ्रातृ’चे चुलत-मावस. तेव्हा पुण्यातला एखादा कॉलेजकुमार जेव्हा एका दमात ‘ए ब्रो, काय भाऊ, व्हॉट्स अप पॅल’ म्हणतो तेव्हा तो एकच शब्द तीनदा म्हणत असतो. त्याला ते सांगू नका, बोलायचा थांबेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, म्हणजे माझा रोजचा धंदा. मराठीत ‘पॅल’ला काय म्हणायचं?

वाक्यात तो कुठं बसलाय ते आधी बघा. ‘माझा एक पॅल’ असं कुणी तिसऱ्याविषयी सांगत असेल तर ‘दोस्त’ चालतो, ग्रामीण माणसाच्या तोंडी ‘मैतर’ शोभतो. मुंबईच्या पोराला ‘भिडू’ द्या, त्यात खेळातला आणि उचापतींतला साथीदार दोन्ही येतात. ‘पेन पॅल’ला पत्रमित्र हा शब्द आपल्याकडे केव्हाचा रुळलाय. पण ‘पॅल’ जेव्हा हाक म्हणून येतो, समोरच्याला उद्देशून, तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा समोरचा मित्र नसतो. लिसन पॅल, वॉच इट पॅल. गाडी घासणाऱ्याला, रांगेत घुसणाऱ्याला, आपल्या बायकोकडे टक लावून बघणाऱ्याला. वर साखर, आत दगड. इथं ‘मित्रा’ लिहिलंत की माझ्यासारखं हसं होईल. मराठीत हे काम नात्याचे शब्द करतात. ‘ओ दादा, रांग दिसत नाही का?’ ‘ए भाऊ, हात खाली.’ ‘काका, आधी इंडिकेटर द्यायचा असतो.’ भावाला हाक मारायची आणि भांडायची तयारी दाखवायची, ही रीत आपल्या अंगात इतकी मुरलीय की मोठ्या भावाच्या ‘दादा’पासून आपण दादागिरी काढली आणि ‘भाई’ म्हटलं की मुंबईत आधी खंडणी आठवते. भामट्यांच्या बोलीतून आलेल्या ‘पॅल’लाही ही वाट चांगली ठाऊक आहे.

नागपूर-अमरावतीकडे प्रेक्षक असेल तर ‘भाऊ’ हमखास. साताऱ्या-कोल्हापूरकडे मी ‘दादा’ किंवा ‘पाव्हणं’ वापरते. ‘काय पाव्हणं, कुणाकडं?’ यातली मऊ धमकी तिकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सबटायटलला जागा दोन ओळींची आणि वेळ सेकंद-दोन सेकंदांचा, तिथं ‘भाऊ’ दोन अक्षरांत काम करतो हाही फायदा. ‘यार’ मी टाळते. त्यात खरी जवळीक आहे, आणि ‘पॅल’मध्ये ती असेलच असं नाही.

एकदा मात्र मी पार अडकले. एका न्यायालयीन मजकुरात ‘पॅलिमनी’ आला. अमेरिकेत अभिनेते ली मार्विन यांच्यावर लग्नाशिवाय बरोबर राहिलेल्या जोडीदारणीनं दावा लावला होता. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं असा दावा चालू शकतो असा निकाल दिला. पुढं पोटगीच्या ‘अॅलिमनी’ला ‘पॅल’ जोडून वकील-वार्ताहरांनी हा शब्द रूढ केला. २०१०मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही वेलुसामी विरुद्ध पच्चैअम्मल या निकालात त्याची चर्चा केली. म्हणजे ‘भ्राता’ भारतातून निघाला, फ्राल झाला, पॅल झाला, अमेरिकेत पोटगीला चिकटला आणि दिल्लीत परत आला तो लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या बाई-पुरुषाच्या खटल्यात. तिथं ‘भाऊ’ लिहायची सोय नव्हती. मूळ लक्षात ठेवून तिथं भाषांतर करायला गेलं तर अनर्थच. मी ‘सहजीवन पोटगी’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘पॅलिमनी’च ठेवलं, आणि तेच ठीक होतं.

पाल म्हणणाऱ्या तुमच्या विद्यार्थ्याला ‘तान’ आणि ‘ठाणं’ नक्की सांगा. आणि तो नांदेडकडचाच असेल तर त्याला विचारा, त्यांच्याकडे बाजारात मधे घुसणाऱ्या माणसाला काय हाक मारतात. पुढच्या वेळी मराठवाड्यातला प्रसंग आला तर मला वापरता येईल.